उबुंटूवर अपाचे: फोल्डरला ७७७ देऊनही ४०३ का येतो?

पाटीपेन्सिल (प्रश्न)

उबुंटू २४.०४, अपाचे २.४.५८ (वेब सर्व्हर), पीएचपी ८.३ एफपीएममधून (पीएचपी चालवणारी वेगळी सेवा) चालतंय. लारावेलचा (पीएचपी फ्रेमवर्क) प्रोजेक्ट /होम/अभ्यास/कामे/ग्रंथालय इथे आहे आणि व्हर्च्युअल होस्टचा डॉक्युमेंटरूट (साइट जिथून दाखवली जाते ते फोल्डर) त्यातल्या पब्लिक फोल्डरवर लावलाय. ब्राउझरमध्ये ग्रंथालय.टेस्ट उघडलं की ४०३ फॉरबिडन (प्रवेश नाकारला).

आतापर्यंत केलेलं: डिरेक्टरी ब्लॉकमध्ये 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' आणि 'अलाउओव्हरराइड ऑल' घातलं, अपाचे रीस्टार्ट केलं. मग सुडो लावून अख्ख्या ग्रंथालय फोल्डरला रिकर्सिव्ह चमॉड (परवानग्या बदलणारी कमांड) ७७७ दिलं. तरी ४०३ जात नाही. हाच प्रोजेक्ट /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूमध्ये कॉपी केला तर पहिलं पान उघडतं.

प्रोजेक्ट होममध्येच ठेवायचा आहे. पुढे पुस्तकांच्या मुखपृष्ठांची चित्रं अपलोड होणार आहेत, म्हणजे काही फोल्डरांत सर्व्हरला लिहिताही आलं पाहिजे. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं, मग अडतंय कुठे?

घाटमाथा

आधी लॉग बघा, मग चमॉडला हात लावा. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये मूळ रोमन अक्षरांतच टाका. रिकर्सिव्हचा आर सगळीकडे कॅपिटल.

सुडो टेल -एन २० /व्हार/लॉग/अपाचे२/एरर.लॉग

ब्राउझरला ४०३ हा एकच आकडा दिसतो, पण त्यामागची दुखणी वेगवेगळी असतात आणि अपाचे प्रत्येकाची नोंद वेगळ्या क्रमांकाने करतं. एएच०१६३० दिसला तर 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' नाहीये, किंवा ते भलत्याच पाथच्या ब्लॉकमध्ये पडलंय. तिथे कितीही चमॉड केलं तरी फरक पडत नाही. एएच०१२७६ म्हणजे फोल्डर सापडलं पण त्यात इंडेक्स फाइल नाही. लारावेलमध्ये डॉक्युमेंटरूट पब्लिकऐवजी प्रोजेक्टच्या मुळावर लावला की हेच येतं. आणि एएच०००३५, 'सर्च परमिशन्स आर मिसिंग ऑन अ कॉम्पोनंट ऑफ द पाथ', म्हणजे फाइलपर्यंत जाणाऱ्या वाटेवरच्या एखाद्या फोल्डरमधून सर्व्हरला पुढे जाता येत नाही. कॉपी केल्यावर चालतंय त्या अर्थी तुमचा हा तिसरा प्रकार असणार. वाटेवर कुठे अडलं ते असं दिसेल:

नेमआय -एल /होम/अभ्यास/कामे/ग्रंथालय/पब्लिक/इंडेक्स.पीएचपी

ही कमांड मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक पायरीची परवानगी एकेका ओळीत दाखवते. /होम/अभ्यास या ओळीवर मालकाला आरडब्ल्यूएक्स, ग्रुपला आर-एक्स आणि बाकीच्यांना तीन रेघा दिसतील, म्हणजे ७५० (मालक, ग्रुप, बाकीचे असे तीन आकडे; प्रत्येक आकडा आर ४, डब्ल्यू २, एक्स १ यांची बेरीज). उबुंटू २१.०४ पासून नवीन युजरचं होम ७५० नेच तयार होतं. त्याआधी ७५५ असायचं, म्हणून जुन्या लेखांतल्या कृती तेव्हा चालायच्या आणि आता चालत नाहीत.

अपाचे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरच्या नावाने चालतं. तो तुमच्या होमचा मालक नाही, ग्रुपमध्येही नाही, म्हणून तो 'बाकीच्यांत' मोडतो. वाड्याच्या दिंडी दरवाजाला आतून कडी आहे आणि तुम्ही माजघराची दारं सताड उघडी केलीत, असं ते ७७७ झालंय. फोल्डरवरच्या एक्सचा अर्थ 'चालवणे' असा नसतो, 'यातून पुढे जाणे' असा असतो. आर म्हणजे आत काय काय आहे त्या नावांची यादी वाचता येणे. वाटेवरच्या फोल्डरांना सर्व्हरसाठी फक्त एक्स पुरतो.

म्हणून तेवढंच द्या, आणि फक्त त्या एका युजरला:

सुडो सेटफॅकल -एम यू:डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा:एक्स /होम/अभ्यास

मग पडताळणी थेट त्याच युजरच्या नावाने करा, ब्राउझरची कॅश मध्ये येऊ देऊ नका:

सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा स्टॅट /होम/अभ्यास/कामे/ग्रंथालय/पब्लिक/इंडेक्स.पीएचपी

फाइलची माहिती छापली गेली की वाट मोकळी झाली. 'परमिशन डिनाइड' आलं तर नेमआय पुन्हा चालवून 'कामे' फोल्डर बघा. यासाठी अपाचे रीस्टार्ट करावं लागत नाही, कर्नल प्रत्येक वेळी नव्यानेच तपासतो.

चमॉड ओ+एक्स /होम/अभ्यास यानेही काम होईल, पण मग ती वाट मशीनवरच्या प्रत्येक युजरला खुली होते. एसीएल (सेटफॅकलने एकेका युजरला वेगळे हक्क देण्याची सोय) असताना तेवढं उघडण्याची गरज नाही.

ओसरी

वरचं बरोबर आहे. पण आता दिंडी दरवाजा उघडल्यावर आतलं ७७७ खरोखर लागू होईल, त्यामुळे ते आजच काढा. 'लोकल तर आहे' म्हणून सोडू नका. अपाचेचं मूळ कॉन्फिगरेशन 'लिसन ८०' असतं, म्हणजे ते सगळ्या नेटवर्क इंटरफेसवर ऐकतं. फायरवॉल चालू नसेल तर हॉस्टेल किंवा ऑफिसच्या वायफायवरून तुमचा आयपी टाकणाऱ्यालाही साइट दिसू शकते. अपलोड फॉर्ममध्ये भोक राहिलं तर ७७७ मुळे कोडच्या फाइलीही बदलता येतील. फक्त स्वतःपुरतं हवं असेल तर पोर्ट्स.कॉन्फमध्ये 'लिसन १२७.०.०.१:८०' करा.

७७७ काढताना क्रम महत्त्वाचा. आधी मालकी, कारण सुडोने चालवलेल्या कमांडींनी काही फाइली रूटच्या नावावर तयार केलेल्या असू शकतात:

सुडो चओन -आर अभ्यास:अभ्यास /होम/अभ्यास/कामे/ग्रंथालय

मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन:

फाइंड . -टाइप डी -एक्झेक चमॉड ७५५ {} +
फाइंड . -टाइप एफ -एक्झेक चमॉड ६४४ {} +

यात एक खोच आहे. दुसऱ्या ओळीने व्हेंडर आणि नोड_मॉड्यूल्समधल्या ज्या फाइली खरोखर चालवायच्या असतात त्यांचाही एक्स जातो. मग एनपीएम रन डेव्ह केलं की 'व्हीट: परमिशन डिनाइड' येतं. त्या फाइली शोधत बसू नका. दोन्ही फोल्डर उडवून कंपोझर इन्स्टॉल आणि एनपीएम सीआय पुन्हा चालवा, हक्क आपोआप जागेवर येतात.

.एन्व्ह फाइलचं वेगळं बघा. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो, म्हणून ६४०. पण मालक आणि ग्रुप दोन्ही 'अभ्यास' असताना ६४० दिलंत तर पीएचपीलाही ती वाचता येणार नाही आणि लारावेल ॲप-की नाही म्हणून तक्रार करेल. ग्रुप बदलूनच ६४० द्या:

सुडो चग्रुप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा .एन्व्ह
चमॉड ६४० .एन्व्ह

झॅम्प वापरणाऱ्यांसाठीही सांगते. /ऑप्ट/लॅम्प या पूर्ण फोल्डरला ७७७ दिलं की पीएचपीमायअ‍ॅडमिन 'राँग परमिशन्स ऑन कॉन्फिगरेशन फाइल, शुड नॉट बी वर्ल्ड रायटेबल' म्हणून उघडायलाच नकार देतं, आणि डेटाबेस सर्व्हर त्याची माय.सीएनएफ फाइल वाचतच नाही. तिथे फक्त एचटीडॉक्समधल्या आपल्या प्रोजेक्टची मालकी आपल्याकडे घ्यायची, बाकी कशाला हात लावायचा नाही.

पाटीपेन्सिल

लॉगमध्ये एएच०००३५ च होता. सेटफॅकलने ४०३ गेला. ७७७ काढलं, .एन्व्ह ६४० केली, व्हेंडर आणि नोड_मॉड्यूल्स पुन्हा बसवले.

आता ५०० (सर्व्हरमध्ये चूक) येतोय: 'द स्ट्रीम ऑर फाइल स्टोरेज/लॉग्ज/लारावेल.लॉग कुड नॉट बी ओपन्ड इन अपेंड मोड'. फाइल ६४४, मालक अभ्यास. इथे सर्व्हरला लिहायचा हक्क द्यायला हवा हे कळतंय, पण मी टर्मिनलवरून आर्टिसन (लारावेलचं कमांड-टूल) चालवलं की त्याच फाइलींत मलाही लिहायचं असतं. दोघांना कसं द्यायचं?

दुसरीपाळी

स्वतःच्या लॅपटॉपवर एकटेच काम करत असाल तर दोन युजरांचा प्रश्नच मिटवा. एफपीएमचा पूल तुमच्या नावाने चालवा. /ईटीसी/पीएचपी/८.३/एफपीएम/पूल.डी/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.कॉन्फमध्ये:

यूजर = अभ्यास
ग्रुप = अभ्यास

त्याच फाइलमधल्या लिसन.ओनर आणि लिसन.ग्रुप या दोन ओळी मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच राहू द्या. त्या सॉकेटच्या मालकीच्या आहेत आणि सॉकेटशी बोलणारं अपाचे अजून त्याच युजरचं आहे. त्या बदलल्या की पीएचपीची पानं ५०३ देतात, एनजिनएक्स असेल तर ५०२. मग सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट पीएचपी८.३-एफपीएम. आता वेबवरून आणि टर्मिनलवरून तयार होणारी प्रत्येक फाइल तुमच्याच नावाची.

घाटमाथा

@दुसरीपाळी, सोपं आहे, पण मला ते पटत नाही. पूल तुमच्या नावाने चालला की त्या साइटमधली पीएचपीची प्रत्येक ओळ तुमच्या हक्कांनी चालते. .एसएसएचमधली खासगी की, ब्राउझरचं प्रोफाइल, बाकीचे प्रोजेक्ट, सगळं तिला वाचता येतं. सगळा कोड स्वतः लिहिलेला असेल तर ठीक. कुठून तरी उतरवलेली थीम किंवा प्लगइन चालवून बघणार असाल तर नको.

@पाटीपेन्सिल, लिहायची गरज फक्त स्टोरेज आणि बूटस्ट्रॅप/कॅश या दोन फोल्डरांत आहे. प्रोजेक्टच्या मुळाशी उभं राहून:

सुडो सेटफॅकल -आर -एम यू:डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा:आरडब्ल्यूएक्स,यू:अभ्यास:आरडब्ल्यूएक्स स्टोरेज बूटस्ट्रॅप/कॅश
सुडो सेटफॅकल -डी -आर -एम यू:डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा:आरडब्ल्यूएक्स,यू:अभ्यास:आरडब्ल्यूएक्स स्टोरेज बूटस्ट्रॅप/कॅश

हक्कांतला एक्स इथे कॅपिटल हवा: तो फोल्डरांना एक्स देतो, साध्या फाइलींना देत नाही. पहिली ओळ आत्ता असलेल्या फाइलींसाठी. दुसरीतला डी स्मॉल, म्हणजे डीफॉल्ट: यापुढे या फोल्डरांत जे तयार होईल त्याला हेच हक्क जन्मतः मिळावेत. बहुतेक जण दुसरी ओळ विसरतात. मग आज सगळं चालतं आणि लारावेलने नवी लॉग फाइल तयार केली की पुन्हा ५००. तुमचं स्वतःचं नाव यादीत असणंही तितकंच गरजेचं, कारण सर्व्हरने तयार केलेल्या फाइलीचे तुम्ही मालक नसता.

गिट एसीएल साठवत नाही. प्रोजेक्ट नव्याने क्लोन केला की या दोन ओळी पुन्हा चालवाव्या लागतात, म्हणून त्या एका स्क्रिप्टमध्ये ठेवा.

आणि आर्टिसनला सुडो कधीच लावू नका. निम्म्या वेळा लारावेल.लॉग रूटच्या नावावर जाण्याचं कारण तेच असतं.

ओसरी

कुणी ग्रुपचा मार्ग सुचवला तर तोही चुकीचा नाही, फक्त युजरमॉड वापरताना जपा. सुडो युजरमॉड -एजी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा अभ्यास यातला ए स्मॉल आणि जी कॅपिटल. तो ए राहिला तर युजर बाकीच्या सगळ्या जोड-ग्रुपांतून बाहेर फेकला जातो, सुडो ग्रुपमधूनही. पुन्हा लॉगिन केल्यावर सुडोच चालत नाही आणि रिकव्हरी मोडमध्ये जाऊन दुरुस्त करावं लागतं. शिवाय नवा ग्रुप चालू सेशनला लागू होत नाही, लॉगआउट-लॉगिन करावंच लागतं. फोल्डरांना २७७५ द्यायचं, त्यातला २ म्हणजे नवी फाइल फोल्डरचाच ग्रुप घेते. एवढं करूनही एफपीएमचा युमास्क (नव्या फाइलीतून कुठले हक्क वगळायचे तो आकडा) ०२२ असेल तर सर्व्हरच्या फाइलींवर ग्रुपला लिहिता येत नाही. म्हणून एसीएल बरं.

खाडीकाठ

विंडोज आणि उबुंटू एकाच मशीनवर ठेवणारे बरेच जण प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर ठेवतात. त्यांच्यासाठी वरचं काहीच लागू होत नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅटवर चमॉड-चओनचा सहसा उपयोग होत नाही. मालकी आणि हक्क ड्राइव्ह माउंट करतानाच ठरतात. फाइल मॅनेजरमधून क्लिक करून उघडलेला ड्राइव्ह /मीडिया/अभ्यासखाली येतो, आणि त्या फोल्डरवर एसीएलने फक्त तुम्हालाच प्रवेश असतो, म्हणून पुन्हा एएच०००३५. एफएसटॅबमध्ये (कुठला ड्राइव्ह कुठे माउंट करायचा ते ठरवणारी फाइल) वेगळ्या जागी माउंट करा आणि पर्याय असे द्या:

यूआयडी=१०००,जीआयडी=३३,डीमास्क=००७,एफमास्क=११७

१००० हा बहुधा तुमचा क्रमांक, 'आयडी' कमांडने खात्री करा. ३३ हा डेबियन-उबुंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचा. यातून फोल्डर ७७० आणि फाइली ६६० होतात, तुम्ही आणि सर्व्हर दोघेही लिहू शकता. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता माउंट होतो, आणि मग चूक 'परमिशन डिनाइड' नसून 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असते. एक्सफॅटवर सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) होत नाहीत, त्यामुळे तिथे आर्टिसन स्टोरेज:लिंक चालणार नाही.

डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) /एमएनटी/सीवर ठेवलेल्या प्रोजेक्टचंही असंच आहे: सगळं ७७७ दिसतं आणि चमॉड काही बदलत नाही. /ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फमध्ये ऑटोमाउंट विभागात ऑप्शन्स = "मेटाडेटा" घालून डब्ल्यूएसएल --शटडाउन केलं की चमॉड लागू व्हायला लागतं. त्यापेक्षा प्रोजेक्ट लिनक्सच्या होममध्ये ठेवा, वेगही बराच वाढतो.

फेडोरावर असाल आणि नेमआय सगळं ठीक दाखवत असूनही नकार येत असेल तर कारण एसईलिनक्स, म्हणजे लेबलांवरून परवानगी ठरवणारी वेगळी सुरक्षा व्यवस्था. एलएस -झेड (झेड कॅपिटल) ने लेबल बघा. वाचायच्या फाइलींना एचटीटीपीडी_सिस_कन्टेंट_टी हवं, लिहायच्या फोल्डरांना एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कन्टेंट_टी. होममधून एमव्हीने हलवलेली फाइल जुनं लेबल घेऊनच येते, सीपीने केलेली प्रत मात्र नव्या जागेचं घेते. सीमॅनेज एफकॉन्टेक्स्टने नियम नोंदवा आणि रिस्टोरकॉन -आरव्हीने लावा. नुसतं चकॉन केलंत तर पुढच्या रीलेबलला ते पुसलं जाईल. सेटएनफोर्स ० हे कारण ओळखण्यापुरतं मिनिटभर, तसंच सोडून देण्यासाठी नाही.

पाटीपेन्सिल

एसीएलच्या दोन्ही ओळी लावल्या, ५०० गेला, लॉग दोन्हीकडून लिहिला जातो. स्टोरेज:लिंक सुडोशिवाय केलं, मुखपृष्ठं अपलोड होतात आणि दिसतात.

एक गोष्ट राहिली. अपलोड झालेलं चित्र मला टर्मिनलवरून लहान करून त्याच नावाने सेव्ह करता येत नाही, परवानगी नाही म्हणतं. गेटफॅकलमध्ये माझ्या नावापुढे आरडब्ल्यूएक्स आहे, पण त्याच ओळीत शेवटी 'इफेक्टिव्ह: आर' लिहिलंय. चित्र स्टोअरअ‍ॅजने (अपलोड साठवायची लारावेलची पद्धत) पब्लिक डिस्कवर ठेवलंय.

घाटमाथा

'इफेक्टिव्ह' दिसलं म्हणजे मास्क आडवा आलाय. एसीएल असलेल्या फाइलीवर मालक आणि 'बाकीचे' सोडून सगळ्यांच्या हक्कांना एक वरची मर्यादा असते, ती मास्क. अशा फाइलीवर कुणी चमॉड केलं की मधला आकडा ग्रुपला लागत नाही, मास्कला लागतो. लारावेलच्या पब्लिक डिस्कला व्हिजिबिलिटी 'पब्लिक' असते, म्हणून चित्र लिहून झालं की लगेच ते ०६४४ चमॉड करतं. मधला ४ म्हणजे मास्क फक्त आर, आणि तुमचा डब्ल्यू कागदावरच राहिला. नव्या उपफोल्डरचंही तेच: ते ०७५५ ने होतात, त्यामुळे आतलं चित्र तुम्हाला पुसताही येणार नाही.

कॉन्फिग/फाइलसिस्टिम्स.पीएचपीमध्ये पब्लिक डिस्कच्या ॲरेत ही नोंद वाढवा:

'परमिशन्स' => [
'फाइल' => ['पब्लिक' => ०६६४, 'प्रायव्हेट' => ०६६०],
'डिर' => ['पब्लिक' => ०७७५, 'प्रायव्हेट' => ०७७०],
],

सुरुवातीचं शून्य सोडू नका, ते नसेल तर पीएचपी तो आकडा दशमान धरतं आणि भलतेच हक्क लागतात. अवतरणचिन्हंही या आकड्यांना नकोत. मग पीएचपी आर्टिसन कॉन्फिग:क्लिअर.

आधी अपलोड झालेल्या चित्रांसाठी स्टोरेजवर पहिली सेटफॅकल ओळ सुडोने पुन्हा चालवा, ती मास्कही नव्याने काढते.

कोडमध्ये कुठे स्टोअरअ‍ॅजऐवजी मूव्ह वापरलं असेल तर ते बदला. मूव्ह तात्पुरत्या फोल्डरातली फाइल नाव बदलून आणतं. फाइल तिथे जन्मलेली नसल्यामुळे डीफॉल्ट एसीएल तिला मिळतच नाही.

पाटीपेन्सिल

परमिशन्स घातल्या, कॉन्फिग:क्लिअर केलं. नव्या चित्रावर गेटफॅकल: मास्क आरडब्ल्यू, 'इफेक्टिव्ह' आता आरडब्ल्यू, त्याच नावाने सेव्ह होतंय. लेखकांच्या फोटोंसाठी एका ठिकाणी मूव्ह होतं, तेही स्टोअरअ‍ॅज केलं. दोन्ही सेटफॅकल ओळी आणि .एन्व्हच्या दोन ओळी हक्क.एसएच म्हणून रेपोत टाकल्यात.